म्हैसूरच्या देवघरातील चांदीचा रुपया आणि त्यावरचा परका राजा

म्हैसूर : श्रावणातील वरमहालक्ष्मी व्रताच्या दिवशी म्हैसूर आणि परिसरातील अनेक घरांत कलशामध्ये किंवा देवीपुढे चांदीचे जुने रुपये ठेवले जातात. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या ताटात दिसणारा 'राणीछाप' रुपया तो हाच. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या नाण्याकडे नीट पाहिले की एक विसंगती लक्षात येते. म्हैसूर हे वोडेयार घराण्याचे संस्थान होते. राजवाडा, दसरा, विद्यापीठ, धरणे, चौकांची नावे, अशा सर्वच ठिकाणी या घराण्याची खूण आढळते. परंतु म्हैसूरच्या घरांतील चांदीच्या रुपयावर वोडेयार राजाचा चेहरा नसतो. तेथे असतात राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज किंवा सहावा जॉर्ज.

ही विसंगती अपघाताने निर्माण झालेली नाही. तिचे कारण १८८१ च्या एका दस्तऐवजात लिहून ठेवलेले आहे. चांदीच्या वाढत्या भावामुळे जुने रुपये मोडीत निघत असताना ते कारण समजून घेणे अधिकच गरजेचे झाले आहे. ज्या नाण्याला सराफाच्या तराजूत फक्त वजन असते, त्यालाच संग्राहकाच्या हातात इतिहास असतो. यांपैकी काय टिकवायचे, याचा निर्णय बहुधा घरातल्या घरातच आणि पुरेशा माहितीविना होतो.

नाण्यावर चेहरा नव्हता तेव्हा

नाणे पाडण्याचा अधिकार हे सार्वभौमत्वाचे लक्षण मानले जात असे. मात्र त्यासाठी राजाने स्वतःचा चेहरा नाण्यावर उमटवण्याची प्रथा भारतात फारशी नव्हती. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवरही छबी नाही, अक्षरे आहेत. म्हैसूरची परंपराही तशीच होती.

सतराव्या शतकात कंठीरव नरसराज वोडेयार (कारकीर्द १६३८ ते १६५९) यांनी सोन्याचे चिमुकले पणम पाडले. त्यावर नरसिंहाची आकृती होती. बोटाच्या टोकावर मावणारे हे नाणे दीर्घकाळ चालले आणि 'कंठीरायी' हे नाव म्हैसूरच्या हिशेबात रूढ झाले. पुढे सत्ता हाती घेतलेल्या हैदर अलीने १७६३ मध्ये बिदनूर जिंकले. तेथील नायकांच्या नाण्यांवरील शिवपार्वतीची आकृती त्याने आपल्या सोन्याच्या होनावर कायम ठेवली आणि दुसऱ्या बाजूस आपल्या नावाचे पहिले फारसी अक्षर घातले. लोकांच्या ओळखीची छाप बदलली तर नाण्यावरचा विश्वास डळमळतो, हे व्यवहारज्ञान त्यामागे होते.

टिपू सुलतानाने (कारकीर्द १७८२ ते १७९९) मात्र नाणेव्यवस्थाच नव्याने बांधली. त्याच्या चांदीच्या नाण्यांना धार्मिक परंपरेतील आदरणीय व्यक्तींची नावे होती. दोन रुपयांचे नाणे हैदरी, रुपया इमामी, अर्धा आबिदी, पाव बाकरी, दोन आण्यांचे जाफरी आणि एक आण्याचे काझिमी. श्रीरंगपट्टणच्या टाकसाळीत पडलेले हैदरी नाणे भारतातील सर्वांत देखण्या चांदीच्या नाण्यांत गणले जाते. त्या काळी अनेक सत्ता, ईस्ट इंडिया कंपनीदेखील, दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावानेच रुपये पाडत होत्या. टिपूने ते नाव वगळले. आपण कोणाचे अंकित नाही, हे त्याने चेहऱ्याविना, केवळ अक्षरांच्या आधारे जाहीर केले. त्याच्या तांब्याच्या पैशांवरील हत्ती आजही संग्राहकांना भुरळ घालतो.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. ब्रिटिशांनी पाच वर्षांच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयार यांना म्हैसूरच्या गादीवर बसवले. त्यांच्या काळात म्हैसूरचे रुपये पुन्हा दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावाने पडू लागले. लहान चांदीच्या नाण्यांवर घराण्याची कुलदेवता चामुंडेश्वरी अवतरली, तर तांब्याच्या नाण्यांवर आधी हत्ती आणि नंतर सिंह आला. याच तांब्याच्या नाण्यांवर कन्नड अक्षरांच्या शेजारी इंग्रजी अक्षरेही दिसू लागली. सत्ता कोणाकडे सरकत होती, हे दरबारी कागदांइतकेच या नाण्यांतूनही वाचता येते.

करारातील एक वाक्य

१८३१ मध्ये कारभार बिघडल्याचे कारण देऊन ब्रिटिशांनी म्हैसूरचे प्रशासन आपल्या हाती घेतले. राजा गादीवर राहिला, पण राज्य आयुक्त चालवू लागले. म्हैसूरची टाकसाळ बंगळूरला हलवण्यात आली आणि १८४३ नंतर तेथील नाणी पाडण्याचे काम थांबले.

तिसऱ्या कृष्णराजांनी आपले राज्य परत मिळावे यासाठी अखेरपर्यंत प्रयत्न केले. १८६८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे दत्तकपुत्र चामराजेंद्र वोडेयार यांच्याकडे २५ मार्च १८८१ रोजी राज्य सोपवण्यात आले. भारतीय संस्थानांच्या इतिहासात अर्ध्या शतकानंतर राज्य परत मिळाल्याचे हे विरळ उदाहरण आहे. मात्र ते अटींसह मिळाले. संस्थानाने दरवर्षी ३५ लाख रुपये ब्रिटिश सरकारला द्यावेत, अशी एक अट होती. लष्कर, रेल्वे, तार यांविषयीही बंधने होती. त्यांतच नाण्यांविषयी एक कलम होते. भारत सरकारची नाणी म्हैसूरमध्ये कायदेशीर चलन राहतील आणि दीर्घकाळ बंद पडलेले म्हैसूरचे स्वतंत्र नाणे पुन्हा सुरू केले जाणार नाही, असा त्याचा आशय होता.

राज्य परत मिळाले, नाणे मिळाले नाही. त्यामुळे म्हैसूरच्या नव्या राजांच्या छबीचा रुपया कधी पडलाच नाही. याच दशकात म्हैसूरच्या हद्दीतील कोलार येथे सोन्याच्या खाणींचे मोठे काम उभे राहिले. देशातील सर्वांत महत्त्वाची सोन्याची खाण ज्या राज्यात होती, त्या राज्याला स्वतःचा पैसाही पाडता येत नव्हता. चौथे कृष्णराज वोडेयार यांच्या कारकिर्दीत म्हैसूर आदर्श संस्थान म्हणून नावाजले गेले. त्यांचे १९४० मध्ये निधन झाले, तेव्हाही म्हैसूरच्या बाजारात चालणाऱ्या रुपयावर लंडनच्याच राजाचा चेहरा होता.

संग्राहकांच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ निघतो. विसाव्या शतकातील म्हैसूर महाराजांची छबी असलेला 'चांदीचा रुपया' म्हणून कोणी वस्तू दाखवली, तर ते चलनी नाणे असू शकत नाही. ते पदक असेल, खासगीरीत्या घडवलेली स्मरणवस्तू असेल किंवा सरळसरळ बनावट असेल. पदकालाही स्वतःचे मोल असते. परंतु नाणे म्हणून त्याची किंमत देणे म्हणजे फसणे होय.

बडोद्याला होते, म्हैसूरला नव्हते

सर्वच संस्थानांची स्थिती अशी नव्हती. मराठी वाचकांना परिचित असलेल्या बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या छबीचे यंत्राने पाडलेले चांदीचे रुपये १८९० च्या दशकात निघाले. त्यावर देवनागरी अक्षरांत महाराजांचे नाव आणि 'सेना खास खेल समशेर बहादूर' हा गायकवाडांचा किताब होता. इंदूरमध्ये शिवाजीराव होळकर यांच्या छबीचा रुपया १८९९ च्या सुमारास पडला. बिकानेरच्या महाराजा गंगासिंह यांनी १९३७ मध्ये आपल्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्वतःच्या छबीचा चांदीचा रुपया काढला. हैदराबादच्या निजामाने चेहरा टाळून चारमिनारची आकृती पसंत केली.

काही संस्थानांनी मधला मार्ग स्वीकारला. १८७६ च्या संस्थानी नाणी कायद्यान्वये ब्रिटिश टाकसाळीत नाणी पाडून घेण्याची सोय झाली. त्यानुसार अलवार, बिकानेर, धार आणि देवास यांच्यासाठी नाणी पाडली गेली. त्यांच्या एका बाजूस संस्थानाचे नाव आले, तर दुसऱ्या बाजूस व्हिक्टोरियाची छबी. एकाच नाण्याच्या दोन बाजूंवर दोन सत्ता बसवण्याची ही व्यवस्था होती.

बडोद्याचा आणि म्हैसूरच्या बाजारात चालणारा रुपया शेजारी शेजारी ठेवल्यास संस्थानी भारतातील दर्जाचे फरक स्पष्ट होतात. कोणते संस्थान किती स्वतंत्र, याविषयीची वर्णने इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळी असू शकतात. नाण्यावर मात्र चेहरा एक तर असतो किंवा नसतो.

छबीच्या रुपयाची वंशावळ

राजाची छबी असलेला अखिल भारतीय रुपया १८३५ मध्ये आला. त्या वर्षीच्या कायद्याने कंपनीच्या मुलखातील वेगवेगळे रुपये रद्द करून एकच प्रमाण रुपया ठरवण्यात आला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम आणि शुद्धता बारा भागांत अकरा, म्हणजे ९१.७ टक्के होती. १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. त्यामुळे रुपया हे नाणेही होते आणि वजनही. 'रुपयाभार' हा मराठीतील शब्द याच साधर्म्यातून आला. यंत्राने पाडलेल्या, दातेरी कडेच्या या नाण्याला 'कलदार' म्हणत, कारण 'कल' म्हणजे यंत्र. कडेवरच्या दात्यांमुळे नाणे कोरून चांदी चोरण्याला आळा बसला आणि 'बंदा रुपया' हा भरवशाचा प्रतिशब्द झाला.

पहिल्या रुपयावर चौथ्या विल्यमचे मुकुटाविना मस्तक होते. १८४० मध्ये तरुण व्हिक्टोरियाची छबी आली. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपून राणीचे राज्य सुरू झाले आणि १८६२ च्या रुपयावर भरजरी वस्त्रातील, मुकुटधारी राणी दिसू लागली. १८७७ पासून तिच्या नावापुढील 'क्वीन' हा शब्द जाऊन 'एम्प्रेस' आला. दिल्लीच्या दरबारात ती भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित झाल्याचा तो परिणाम होता. लोकांच्या तोंडचा 'राणीछाप' रुपया बहुधा १८६२ ते १९०१ या काळातील असतो.

सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० या वर्षांचे आहेत. त्यांवर राजा मुकुटाविना आहे. १९११ मध्ये पाचव्या जॉर्जचा रुपया आला आणि लगेच वादात सापडला. राजाच्या झग्यावर भारतीय साम्राज्याच्या किताबाची साखळी होती व तिच्यात हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड आखूड असल्यामुळे तो डुकरासारखा दिसतो, अशी तक्रार झाली. मुस्लिम समाजात नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख नाणी पाडून झाली होती. त्यांपैकी सुमारे सात लाखच बाजारात गेली होती, उरलेली वितळवण्यात आली. १९१२ पासूनच्या नाण्यांवर हत्तीची सोंड आणि कान स्पष्ट करण्यात आले. 'डुक्कर रुपया' या नावाने १९११ चे हे नाणे आजही संग्राहक आवर्जून शोधतात. भिंगातून पाहिलेल्या एका सोंडेमुळे साम्राज्याला आपले नाणे बदलावे लागले, हे त्यामागचे कारण.

या रुपयांवरील भाषाही पाहण्यासारखी आहे. १८६२ नंतरच्या व्हिक्टोरियाच्या रुपयावर केवळ इंग्रजी आहे. एडवर्ड आणि पाचव्या जॉर्जच्या रुपयांवर इंग्रजीच्या जोडीला फारसी लिपीत 'यक रुपया' आहे. कन्नड किंवा देवनागरी अक्षर त्यांवर नाही. म्हैसूरच्या ज्या बायका हे नाणे कलशात ठेवत होत्या, त्यांपैकी बहुतेकींना त्यावर काय लिहिले आहे, हे वाचता येत नव्हते. त्यांनी विश्वास ठेवला तो चांदीवर आणि नाण्याच्या खणखणीत आवाजावर.

चांदी कमी होत गेली

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई भासू लागली. नाण्यातील चांदी नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाली की लोक नाणे साठवतात किंवा वितळवतात. १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली आणि तिच्यावर पाचव्या जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचे चित्र छापले. हा कागद म्हणजेच तो रुपया, हे लोकांना पटवण्याचा तो प्रयत्न होता. १९१८ मध्ये अमेरिकेने आपले चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी भारतासाठी विकली. १९२२ नंतर चलनासाठी चांदीचे रुपये पाडण्याचे काम दीर्घकाळ जवळजवळ थांबले.

दुसऱ्या महायुद्धाने हा प्रश्न पुन्हा उभा केला. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया जुन्या शुद्धतेचा होता. पुढल्याच वर्षी रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त, असे मिश्रण ठरवण्यात आले. बनावट नाण्यांना आळा घालण्यासाठी कडेवर विशेष खाच आणली गेली. १९४१ ते १९४३ या काळात जुने, जास्त चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने कायदेशीर चलनातून बाद करण्यात आले. प्रथम व्हिक्टोरियाचे, मग एडवर्डचे आणि शेवटी दोन्ही जॉर्जांचे. असंख्य घरांनी ते परत केले नाहीत. आज देवघरात किंवा तिजोरीत आढळणारा जुना रुपया हा त्या वेळी सरकारजमा न झालेला रुपया आहे.

युद्धकाळात अमेरिकेने उसनवारीने भारताला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. ती चांदी म्हणूनच परत करायची होती. त्यासाठी चलनातून परत आलेल्या अर्ध्या चांदीच्या नाण्यांतून चांदी वेगळी काढावी लागली. भारत आणि पाकिस्तानने हे देणे १९५७ पर्यंत फेडले. त्यामुळे युद्धकाळातील असंख्य नाणी भट्टीत गेली. १९४७ मध्ये आलेल्या निकेलच्या रुपयावर एका बाजूस सहावा जॉर्ज, तर दुसऱ्या बाजूस वाघ होता. छबीचा रुपया उरला, पण त्यातील चांदी संपली.

मोडीत की संग्रहात

घरातील जुन्या रुपयाची किंमत दोन प्रकारे ठरते. पहिली किंमत धातूची. ११.६६ ग्रॅमच्या जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते, तर १९४० नंतरच्या रुपयात सुमारे ५.८ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणाकार केला की धातुमूल्य निघते. दोन्ही नाणी आकाराने सारखीच दिसत असल्याने साल न पाहता सरसकट भाव लावला, तर देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

दुसरी किंमत संग्रहाची. ती दुर्मिळता, टाकसाळ, छापेचा प्रकार आणि नाण्याची स्थिती यांवर अवलंबून असते. एखादे नाणे केवळ जुने आहे म्हणून महाग नसते. व्हिक्टोरियाचे किंवा पाचव्या जॉर्जचे अनेक सालांचे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. त्यांची झिजलेली नाणी धातुमूल्याच्या आसपासच विकली जातात. याउलट १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया अत्यंत दुर्मीळ मानला जातो आणि त्यामुळेच त्याच्या बनावट प्रतीही बाजारात भरपूर आहेत.

साल हेदेखील फसवू शकते. १८४० हे साल असलेले रुपये १८६१ पर्यंत पाडले जात होते आणि १८६२ हे साल पुढे १८७४ पर्यंत नाण्यांवर कायम होते. त्यामुळे जाणकार सालाबरोबरच राणीच्या वस्त्रावरील नक्षी, मागील बाजूच्या वेलबुट्टीतील कळ्या आणि ठिपक्यांची संख्या पाहतात. टाकसाळीची खूणही महत्त्वाची. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखाली छोटा उठावदार ठिपका असेल, तर नाणे मुंबईचे. खूण नसेल, तर कोलकात्याचे. मद्रासची टाकसाळ १८६९ मध्ये बंद झाली. त्यामुळे म्हैसूरकरांच्या हाती आलेला एडवर्डचा किंवा पाचव्या जॉर्जचा रुपया मुंबईहून अथवा कोलकात्याहून प्रवास करून आलेला असतो.

बनावट नाणे ओळखण्याचा पहिला उपाय म्हणजे वजन. दागिने तोलण्याच्या अचूक काट्यावर चांगल्या स्थितीतील जुना रुपया ११.६६ ग्रॅमच्या जवळपास भरला पाहिजे. झीज झाल्यास वजन थोडे घटते, पण वाढत नाही. नाणे लोहचुंबकाला चिकटता कामा नये. साच्यात ओतून केलेल्या नाण्यावर सूक्ष्म छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर जोडाची रेघ दिसते. ही लक्षणे नसली, तरी मोठी रक्कम देण्यापूर्वी नाणकशास्त्राच्या जाणकाराला नाणे दाखवणे हिताचे.

घासून चमकवलेले नुकसान

नाण्याचे सर्वाधिक नुकसान चोर किंवा भट्टी करत नाही. ते घरातली माणसेच प्रेमाने करतात. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते. पूजेपूर्वी नाणे चिंच, राख, दंतमंजन किंवा भांड्यांच्या पुडीने घासले की ते लखलखते. मात्र त्याच वेळी त्याच्या पृष्ठभागावरील बारीक रेघा, केसांची वळणे, वस्त्रावरील नक्षी कायमची पुसली जाते. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात. नैसर्गिक काळसर झाक ही त्यांच्या लेखी अस्सलपणाची खूण असते.

दुसरे नुकसान दागिन्यांमुळे होते. लंबाणी अर्थात बंजारा समाजातील स्त्रियांच्या पारंपरिक अलंकारांत चांदीच्या रुपयांना मानाचे स्थान आहे. कर्नाटकातही आणि महाराष्ट्रातही असे हार आढळतात. कडी जोडलेल्या किंवा भोक पाडलेल्या रुपयाला नाणे म्हणून किंमत कमी येते. मात्र अखंड जुना हार हा स्वतःच एक ऐतिहासिक ऐवज असतो. त्यातील नाणी सुटी करून विकल्यास हारही जातो आणि नाण्यांनाही भाव मिळत नाही.

जपण्याचे नियम साधे आहेत. नाणे नेहमी कडेला धरावे. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ते ठेवू नये, कारण काही प्लॅस्टिकमधून सुटणारी द्रव्ये धातूवर हिरवट चिकट थर आणतात. आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा टणक पारदर्शक डब्या वापराव्यात आणि ओलाव्यापासून जपावे. पूजेसाठी एक-दोन नाणी वेगळी ठेवून उरलेली न घासता जपणे, हा अनेकांना मानवणारा मध्यममार्ग आहे.

कायदा काय सांगतो

वारशाने आलेली जुनी नाणी बाळगणे हा गुन्हा नाही. मात्र १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे 'पुरावस्तू' ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेण्यास मनाई आहे. १९२२ पर्यंतचे रुपये आता या मर्यादेत आले आहेत. परदेशी राहणाऱ्या नातलगांना आजीचा राणीछाप रुपया भेट म्हणून देताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचा हंडा मिळाला, तर १८७८ च्या भूमिगत निधी कायद्याप्रमाणे त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. काही राज्यांचे यासंबंधी स्वतंत्र कायदेही आहेत. हंडा गुपचूप वाटून घेतल्यास शिक्षा होऊ शकते. शिवाय कोणती नाणी कोणत्या नाण्यांसोबत पुरली गेली, हा इतिहासकाराला सर्वांत मोलाचा वाटणारा पुरावाही नष्ट होतो.

जुन्या नाण्यांच्या नावाखाली होणाऱ्या ऑनलाइन फसवणुकीचे प्रकारही वाढले आहेत. 'जुन्या रुपयाचे लाखो मिळतील' असे सांगून आधी शुल्क, कर किंवा दलाली मागितली जाते आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरले जाते. आपला अशा व्यवहारांशी संबंध नाही, आपण असे कोणतेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. विकत घेणारा आधी पैसे मागतो, तेव्हाच व्यवहाराचे खरे स्वरूप उघड होते.

नाणे वाचायला शिकण्यासाठी चांगल्या जागा उपलब्ध आहेत. मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. म्हैसूरमध्ये कर्नाटकाच्या पुरातत्त्व, संग्रहालये आणि वारसा विभागाचे मुख्यालय आहे. म्हैसूर विद्यापीठातील प्राध्यापक ए. व्ही. नरसिंह मूर्ती यांनी कर्नाटकाच्या नाण्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रदेशाच्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तो आधारभूत ठरला.

नाण्यासोबत एक चिठ्ठी

नाणे कोणत्या राजाचे, हे त्यावर लिहिलेले असते. ते कोणाच्या घरचे, हे कोठेच लिहिलेले नसते. पणजीला लग्नात मिळालेला रुपया, कोलारच्या खाणीतील पगारातून मागे टाकलेला रुपया, जमीन विकल्यावर आलेल्या थैलीतला शेवटचा रुपया, यांच्यात दिसायला काही फरक नसतो. ती आठवण माणसाबरोबर जाते आणि मागे केवळ ११.६६ ग्रॅम धातू उरतो. त्यानंतर ते नाणे मोडीत देताना कोणाचा हात अडखळत नाही. म्हणून नाण्याच्या पाकिटात साल, टाकसाळ आणि वजन यांच्याबरोबर ते कोणाकडून, केव्हा, कसे आले, याच्या दोन ओळी लिहून ठेवाव्यात. या दोन ओळी बाजारात विकत मिळत नाहीत.

म्हैसूरपुरते सांगायचे तर या कथेला पुढचा एक भागही आहे. १९९६ पासून रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या कंपनीचा नोटांचा कारखाना म्हैसूरमध्ये चालू आहे. नोटांसाठी लागणारा कागद तयार करणारी गिरणीही याच शहरात उभी राहिली. आपले नाणे पुन्हा सुरू करणार नाही, असे १८८१ मध्ये ज्या संस्थानाकडून लिहून घेतले गेले, त्याच्या राजधानीत आज देशभर चालणाऱ्या नोटा छापल्या जातात. त्यांच्या भाषापट्टीत कन्नडही आहे आणि मराठीही.